खिडकीतला वेगळा कप

मैत्रिणींनो, आज एक छोटंसं काम सांगते. पाककृती नाही, की डाग काढण्याची युक्ती नाही. हे पान वाचून झालं की स्वयंपाकघरात जा आणि कपबशा मोजा. घरातल्यांचे रोजचे कप झाले, पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला सेट झाला. आता खिडकीच्या चौकटीवर किंवा मोरीच्या कोपऱ्यात उपडा घातलेला आणखी एक कप सापडतो का, बघा. कान तुटलेला, काठाचा टवका उडालेला; नाहीतर जुना स्टीलचा पेला. तो कोणाचा, हे घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. "तो मावशींचा!"

कोणी विचारलं तर आपण काय म्हणतो? "अहो, जातपात कोण मानतंय आता? स्वच्छतेचा प्रश्न आहे." हे उत्तर आपण मुद्दाम खोटं देतो असं नाही. आपल्याला ते मनापासून पटलेलं असतं. म्हणूनच ते जरा तपासून पाहायला हवं. ज्या बाईंचा कप वेगळा, त्याच बाई आपले बाकीचे सगळे कप घासतात. कित्येक घरी कणीकही त्याच भिजवतात. त्यांनी लाटलेली पोळी आपण आवडीने खातो. पण त्यांनी चहा प्यालेला कप साबणाने स्वच्छ धुतला, तरी आपल्या कपांत ठेवायला हात धजत नाही. उलट भिशीला आलेली मैत्रीण खोकत असली तरी तिला चहा सेटमधल्याच कपात! मग ही स्वच्छता कसली? जंतूंना काही आडनाव वाचता येत नाही.

चहाच्या कपाचं हे दुखणं महाराष्ट्राला नवं नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. मिशनऱ्यांनी सर्वांपुढे चहा-बिस्किटं ठेवली. कोणी चहा घेतला, कोणी नुसताच हातात धरला. पुढे हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि सनातन्यांनी गहजब केला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांसारख्या सुधारकालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. का? एका कप चहासाठी! विचार कितीही पुढे गेले, तरी घरादाराचं आणि गोतावळ्याचं दडपण माणसाला कसं मागे ओढतं, ते यावरून दिसतं.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला असलेले गंगाराम कांबळे यांनी चहाचं दुकान काढलं. त्यांच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. महाराजांनी नुसता उपदेश केला नाही, तर चारचौघांत तो कप ओठाला लावला. त्याच्याही आधी, १८६८ मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. घरचा हौद बरं का, गावचा नव्हे!

पुढे आपली राज्यघटना आली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने तर हॉटेलात सर्वांसाठी ठेवलेली भांडी कोणाला वापरू न देणं हा गुन्हा ठरवला. भांड्यांचा असा वेगळा उल्लेख कायद्याला करावा लागला, यातच सगळं आलं. पण आपल्या फडताळाची झडती घ्यायला कोणी इन्स्पेक्टर येत नाही. तिथली मालकीण आपणच.

२०११-१२ मध्ये देशभरातल्या बेचाळीस हजारांवर कुटुंबांची एक मोठी पाहणी झाली होती. तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळतं का, असं तीत विचारलं होतं. 'नाही' म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न होता: दलित व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तिने तुमची भांडी वापरली, तर अडचण वाटेल का? दोन्ही प्रश्न मिळून चारातल्या एकाहून अधिक घरांनी होकार दिला. परक्या माणसासमोर कबूल केलं, त्यांचा हा हिशेब. ज्यांनी कबूल केलं नाही, त्यांचा कोण करणार?

खरं तर वेगळं ठेवलं जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. 'कावळा शिवला' म्हणून चार दिवस बाजूला बसलेल्या बायका आपल्याच घरांत होत्या, काही घरांत अजूनही आहेत. वेगळी चटई, वेगळा तांब्या, वरून टाकलेली पोळी. "त्यात काय एवढं, तेवढीच विश्रांती!" असं म्हणणारेही होते. पण लोणच्याच्या बरणीला हात लावू नको म्हटल्यावर आत काय तुटतं, ते बसणारीलाच कळतं. आपल्या कामाच्या बाईंना तर महिन्याचे चार दिवस नव्हे, तीसही दिवस बाजूलाच बसवलेलं असतं.

आणि हा संकोच एका कपापुरता नसतो. ईदला शेजारून शीरखुर्मा येतो. आपण हसून वाटी घेतो, तोंडभरून 'मुबारक' म्हणतो. पण दार लावल्यावर? ती वाटी कुणी चाखायच्या आत कामाच्या बाईंच्या डब्यात रिकामी होते का? नवीन बिऱ्हाड आलं की आपण आधी नाव विचारतो की आडनाव? अशा वेळी मन आधी एक पाऊल मागे सरतं आणि कारण मग शोधतं: कधी तूप सोसत नाही, कधी उपास असतो, कधी स्वच्छता आड येते. हे कारण मी आपल्या नात्यातल्या बाईला लावलं असतं का, एवढंच स्वतःला विचारावं. उत्तर 'नाही' आलं, तर ते कारण नव्हे, निमित्त आहे.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे गाजावाजा नको. बाईंना सोफ्यावर बसवून भाषण देऊ नका. त्या बिचाऱ्या अवघडून जातील. त्यांना सगळ्यांबरोबर चहा ओताल, तेव्हा घरातल्याच कपात ओता आणि हातात द्या. "नको ताई, माझा कप आहे ना," असं त्या म्हणतील. पुढच्या घरी पुन्हा वेगळा कपच हाती येणार, हे त्यांना ठाऊक असतं. आग्रहाचं नाटक न करता दुसऱ्या दिवशीही तसंच द्या. आभाराची वाट बघू नका. त्यांचंच त्यांना मिळतंय, त्यात आपले उपकार कुठले?

दुसरं, नियम करायचा तर सर्वांना एकच करा. साबणाने धुतलेला कप तो धुतलेला. सर्दीपडसं झालेल्याचा कप वेगळा ठेवायचा असेल, तर तो साहेबांचाही वेगळा ठेवा.

तिसरी अडचण मोठी: सासूबाई. सोवळ्याओवळ्यात जन्म गेलेल्या माणसाशी वाद घालून काही साधत नाही. त्यांचा देवघरातला तांब्या, त्यांचं फुलपात्र त्यांच्यापाशी राहू द्या. मात्र "बाकीचे कप मी बघते" एवढं शांतपणे म्हणा आणि त्यावर ठाम राहा. चार दिवस कुरकुर होईल. तुम्ही माहेरून काय शिकून आलात, तेही निघेल. ते ऐकून घ्यायची तयारी हवी.

राहिला तो खिडकीतला कप. टवका उडालेल्या काठाने ओठ कापतो, म्हणून आपण तो मुलांना देत नाही. मग बाईंना तरी का द्यावा? त्यात माती भरा आणि मूठभर मेथी पेरा. आठवड्याभरात कोवळी पानं वर येतील.