पिकाचूची ‘उत्क्रांती’ आणि पुस्तकातली उत्क्रांती

मुले दिवसभर काय काय बोलत असतात. त्यातले बरेचसे आपल्या कानांवरून जाते. पण आठ-नऊ वर्षांचा मुलगा धावत येऊन ‘अम्मी, माझा चार्मँडर इव्हॉल्व्ह झाला!’ असे सांगतो, तेव्हा शिकलेल्या आई-वडिलांचे कान टवकारतात. इव्हॉल्व्ह म्हणजे उत्क्रांत होणे. मग मनात शंका येते: डार्विनचा सिद्धांत आता खेळातून, तोही इतक्या लहान वयात शिकवला जातो की काय?

ही शंका आम्हाला पालकसभेत अनेकदा विचारली गेली आहे. काही घरांत त्यावरून मोबाईल काढून घेतला जातो, तर काही घरांत ‘खेळच तो’ म्हणून विषय सोडून दिला जातो. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नव्हे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण हा घोटाळा मुळात एका शब्दाचा आहे.

खेळ आला कुठून?

पोकेमॉन हा शब्द ‘पॉकेट मॉन्स्टर’ या दोन शब्दांचा जोड आहे. पॉकेट मॉन्स्टर म्हणजे खिशात मावणारे अजब प्राणी. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘गेम बॉय’ या हातातल्या छोट्या यंत्रासाठी हा खेळ विक्रीस आला. त्याचे जनक सातोशी ताजिरी. टोकियोजवळच्या माचिदा भागात त्यांचे बालपण गेले. शेते, तळी, झाडी यांतून किडे पकडून जमवणे हा त्यांचा छंद होता. मित्र त्यांना ‘किड्यांचा डॉक्टर’ म्हणून चिडवत. पुढे शहर वाढले, तळी बुजली, झाडी गेली. किडे शोधण्याचा आणि मित्रांशी अदलाबदल करण्याचा तो आनंद शहरातल्या मुलांनाही मिळावा, या कल्पनेतून हा खेळ जन्मला.

पहिल्या खेळात १५१ प्राणी होते. आज त्यांची संख्या हजारावर गेली आहे. आपल्याकडची मुले त्यांना ओळखतात ती मुख्यतः हिंदीत डब झालेल्या कार्टूनमुळे. डिसेंबर २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा मोबाईलवरचा खेळही भारतात अधिकृतपणे आला.

खेळाचे मूळ किडे पकडण्यात आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे सोपे होते.

प्राणी बदलतात कसे?

कॅटरपी नावाचा एक हिरवा सुरवंट या खेळात आहे. लढतींतून त्याचा अनुभव वाढतो. सातव्या पातळीला तो मेटापॉड होतो, म्हणजे एक कडक कोश. तो कोश दहाव्या पातळीला फुटतो आणि बटरफ्री हे फुलपाखरू बाहेर पडते. आता प्राथमिक शाळेतले पुस्तक आठवा: अंडे, अळी, कोश, फुलपाखरू. यातले अंडे वगळले तर बाकी सारे तेच आहे.

दुसरे उदाहरण पोलीवॅगचे. हा गोल पोटाचा प्राणी, पोटावर भोवऱ्यासारखी रेघ. पावसाळ्यात डबक्यातला बेडूकमासा ओंजळीत धरून पाहिला असेल, तर त्याच्या पातळ कातडीतून आतड्याची गुंडाळी दिसते. ती रेघ तिथूनच आली आहे. पोलीवॅगला पुढे हात फुटतात.

सगळेच प्राणी नुसत्या पातळीने बदलत नाहीत. पिकाचूला वीजखडा दिला की तो रायचू होतो. ईव्ही नावाच्या कोल्ह्यासारख्या गोजिरवाण्या प्राण्याला पाणखडा, वीजखडा किंवा अग्निखडा दिला, तर तीन वेगळे प्राणी होतात. पुढच्या खेळांत या वाटा आठ झाल्या. हाँटर तर एकट्या खेळाडूकडे राहून बदलतच नाही. त्याला दुसऱ्या खेळाडूकडे पाठवावे लागते, तेव्हा तो गेंगार होतो. पहिल्या खेळात असे चार प्राणी होते. ज्याला सोबती नाही, त्याला ते मिळत नसत. दोन यंत्रे तारेने जोडून ही देवघेव होई.

१९९९ च्या खेळांत आणखी एक वाट आली, मैत्रीची. गोल्बॅट हे वटवाघूळ मालकाशी पुरेशी मैत्री झाल्यावरच क्रोबॅट होते. त्याला बरोबर घेऊन फिरले की मैत्री वाढते. लढाईत तो बेशुद्ध पडला की ती घटते. झाडपाल्याचे कडू औषध पाजले तरी घटते! काढ्याचा पेला पाहून पळणाऱ्या मुलांच्या माता हे वाचून हसतील.

मॅजिकार्प हा मासा मुलांचा खास लाडका. तो सुरुवातीला अगदी निरुपयोगी असतो. लढाईत नुसता उड्या मारतो आणि त्याने काहीच होत नाही. पण त्याला सांभाळत विसाव्या पातळीपर्यंत नेले, तर तो ग्याराडोस नावाचा प्रचंड सर्प होतो. नदीच्या धबधब्यावरून वर उडी मारणारा मासा ड्रॅगन होतो, अशी चीनची जुनी लोककथा आहे. तिचीच ही छाया. ‘पोकेमॉन गो’मध्ये याच माशासाठी ४०० कँडी जमवाव्या लागतात, तर कॅटरपीच्या पहिल्या बदलाला १२ पुरतात.

आणि बदल नको असेल तर? पडद्यावर प्राणी चमकू लागला की ‘बी’चे बटण दाबायचे. बदल तिथेच थांबतो.

शब्द एक, गोष्टी दोन

जपानी भाषेत या बदलाला ‘शिंका’ म्हणतात. जीवशास्त्रातल्या उत्क्रांतीलाही जपानीत हाच शब्द आहे. तिथून तो इंग्रजीत ‘इव्होल्यूशन’ झाला आणि तिथून आपल्या मुलांच्या तोंडी आला. उर्दूत त्याला ‘इर्तिका’ म्हणतात आणि मराठीत ‘उत्क्रांती’.

पण खेळात जे घडते ते उत्क्रांती नव्हे. एकच जीव, त्याच्या एकाच आयुष्यात, एका रूपातून दुसऱ्या रूपात जातो. यासाठी आपल्याकडे फार सुरेख शब्द आहे: कायापालट. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला रूपांतरण म्हणतात. सुरवंटाचे फुलपाखरू होते आणि बेडूकमाशाचा बेडूक होतो, ते हेच.

जीवशास्त्रातली उत्क्रांती एका जिवाची होत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या, एका जातीच्या पुष्कळ जिवांच्या समूहात होते. घरातले उदाहरण घेऊ. डासांसाठी डीडीटी फवारले. बहुतेक डास मेले. पण काहींच्या शरीरात जन्मतःच असे काही होते की औषध त्यांना मारू शकले नाही. ते जगले, त्यांची पिल्ले झाली आणि पिल्लांतही तो गुण उतरला. असे वर्षानुवर्षे होत गेले आणि औषधाला दाद न देणाऱ्या डासांची संख्या वाढली. यात कुठलाही एक डास बदलला नाही. बदलला तो डासांचा समूह. इथे पातळी नाही, खडा नाही, थांबवण्याचे बटणही नाही.

हा फरक परीक्षेपुरता नाही. आपल्या राज्यात दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे. आमचे विज्ञानाचे सहकारी सांगतात, की तो शिकवताना मुले हमखास म्हणतात, ‘सर, प्राणी पुरेसा ताकदवान झाला की दुसरा प्राणी होतो.’ मग पहिली तासिका हे पुसण्यातच जाते. जे मूल पाचवीत चुकीचा अर्थ पक्का करते, ते दहावीत धड्याशी झगडते.

२००१ साली सौदी अरबमध्ये या खेळावर आणि त्याच्या पत्त्यांवर बंदी आली. जुगाराशी असलेले साम्य हे त्याचे एक कारण होते, आणि आक्षेपांत उत्क्रांतीच्या सिद्धांताचाही उल्लेख होता. पैसे मोजून बंद पाकीट घ्यायचे आणि आत कोणता पत्ता निघतो ते नशिबावर सोडायचे, याचा प्रत्येक पालकाने विचार करावा, असे आम्हालाही वाटते. उत्क्रांतीचा आक्षेप मात्र शब्दावर उभा आहे. डार्विनविषयी ज्याला जे बोलायचे आहे, त्याने ते डार्विन वाचून बोलावे. सुरवंटाच्या फुलपाखरावरून तो वाद घालण्यात अर्थ नाही.

मुंगूस आणि उंदीर

गंमत अशी, की खऱ्या उत्क्रांतीच्या जवळ जाणारी गोष्ट या खेळात आहे. फक्त तिला ते नाव नाही. २०१६ च्या खेळात अलोला नावाची बेटे आहेत, हवाई बेटांवरून घेतलेली. तिथे रटाटा या उंदरासारख्या प्राण्यांचा उपद्रव वाढला, म्हणून बाहेरून यंगूस हा मुंगसासारखा प्राणी आणला गेला. यंगूस दिवसा हिंडतो. त्याच्यापासून वाचण्यासाठी तिथला रटाटा रात्री बाहेर पडू लागला. त्याचा रंगही काळा झाला. याच बेटांच्या बर्फाळ डोंगरावर सँडश्रू हा मूळचा वाळवंटी प्राणी बर्फाचा झाला आहे. जागा बदलली, शत्रू बदलला, तशी सबंध जात बदलत गेली. खेळ याला ‘अलोलाचे रूप’ एवढेच म्हणतो.

हवाईची खरी हकीकतही सांगण्यासारखी आहे. उसाच्या मळ्यांतले उंदीर मारण्यासाठी १८८३ मध्ये तिथे मुंगूस आणले गेले. ते आपल्या हिंदुस्थानी मुंगसाचेच वंशज होते. इथून ते आधी जमैकाला नेले होते आणि तिथून हवाईला. पण मुंगूस दिवसा शिकार करते, उंदीर रात्री फिरतो. उंदीर राहिले, आणि मुंगसांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी फस्त केली.

घरी काय करावे?

खेळाला ठरावीक वेळ द्यावा. मोबाईलमधून पैसे खर्च होण्याची सोय बंद ठेवावी. पत्ते विकत घ्यायचे की नाही, हे अम्मी-अब्बूंनी आधी ठरवून मुलांना स्पष्ट सांगावे.

याशिवाय दोन गोष्टी कराव्यात. एक म्हणजे, मुलगा ‘इव्हॉल्व्ह झाला’ म्हणाला की त्याला विचारावे, ‘हा एकच प्राणी बदलला, की त्याच्या मुला-नातवंडांत बदल होत गेला?’ उत्तर तो स्वतःच शोधेल. मग त्याला सांगावे, याला आपल्या भाषेत कायापालट म्हणतात आणि उत्क्रांती ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, पुढे हिरवी होणारी अळी हमखास सापडते. ती रोपाच्या फांदीसकट जाळीच्या झाकणाच्या बरणीत ठेवावी आणि रोज ताजी पाने द्यावीत. काही दिवसांत ती कोश करते. फुलपाखरू बाहेर आले की पंख सुकेपर्यंत थांबावे आणि मुलांच्या हातूनच ते खिडकीतून सोडून द्यावे. ताजिरींनी लहानपणी जे तळ्याकाठी पाहिले, ते आपल्या मुलांना गॅलरीतल्या कुंडीतही पाहता येईल.