रिचार्जेबल सायकल दिवा

रिचार्जेबल सायकल दिवा हा सायकलच्या हँडलवर किंवा चालकाच्या शिरस्त्राणावर बसवण्याचा, पुन्हा चार्ज करता येणाऱ्या विद्युतघटावर चालणारा पुढचा दिवा होय. शहरातील रस्त्यावर असा दिवा प्रामुख्याने इतरांना सायकल दिसावी यासाठी वापरला जातो. रानवाटा, घाट आणि कच्चे रस्ते येथे मात्र चालकाला स्वतःला वाट दिसावी हा त्याचा मुख्य उद्देश असतो. अशा वापरासाठी दिव्याचा झोत, घटात साठणारी ऊर्जा आणि पाणी व धुळीपासूनचे संरक्षण या बाबी वेष्टनावर छापलेल्या कमाल प्रकाशाच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाच्या ठरतात.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायकलींना तेलाचे दिवे लावले जात. त्यानंतर कार्बाइडवर पाणी ठिबकवून निर्माण होणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे दिवे आले. विसाव्या शतकात चाकाच्या टायरला घासून फिरणारा डायनॅमो रूढ झाला. त्याची प्रमाणित क्षमता ६ व्होल्ट व ३ वॅट एवढी असे. सायकल थांबली की डायनॅमोचा दिवा विझे आणि चढावर वेग कमी झाला की तो मंदावे.

१९९१ साली लिथियम-आयन घट बाजारात आला आणि १९९३ साली तेजस्वी निळा एलईडी तयार झाला. निळ्या एलईडीवरूनच पुढे पांढऱ्या प्रकाशाचे एलईडी विकसित झाले. या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन घटकांच्या संयोगातून आजचा लहान, हलका आणि सर्वसामान्यांना परवडणारा दिवा शक्य झाला.

प्रकाशाचे मोजमाप

दिव्यातून सर्व दिशांना बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्युमेन या एककात मोजतात, तर एखाद्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष पडणारा प्रकाश लक्स या एककात मोजतात. समान ल्युमेनच्या दोन दिव्यांपैकी एकाचा झोत अरुंद व दूरवर जाणारा, तर दुसऱ्याचा रुंद व जवळ पसरणारा असू शकतो. वळणावळणाच्या वाटेवर केवळ अरुंद झोत असल्यास वाटेची कड व वळणाचा आतला भाग अंधारात राहतो. त्यामुळे मध्यभागी प्रखर आणि कडेला सौम्यपणे पसरणारा झोत अशा वाटेसाठी सोयीचा असतो.

जर्मनीतील वाहतूक नियमांनुसार सायकलच्या पुढच्या दिव्याने १० मीटर अंतरावर किमान १० लक्स प्रकाश द्यावा लागतो आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून झोताचा वरचा भाग कापलेला असतो. असा झोत डांबरी रस्त्यावर उत्तम असला, तरी रानवाटेवर डोक्याच्या उंचीवरील फांद्या त्यात दिसत नाहीत.

किती अंतरापर्यंत दिसले पाहिजे, हे वेगावर अवलंबून असते. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाला अडथळा दिसल्यापासून प्रतिक्रियेसाठी दीड सेकंद लागला, तर सायकल सैल मुरमावर थांबेपर्यंत सुमारे ९ मीटर पुढे जाते. ताशी २५ किलोमीटर वेगाला हेच अंतर सुमारे १८ मीटर, म्हणजे दुप्पट होते. स्पष्ट दिसणारे अंतर थांबण्याच्या अंतरापेक्षा कमी असेल, तर दिवा कितीही महाग असला तरी वेग कमी करणे हाच उपाय उरतो.

घटाची क्षमता आणि जाहिरातीतील दावे

बहुतेक परवडणाऱ्या दिव्यांत १८६५० या आकाराचा, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम-आयन घट असतो. या आकाराच्या चांगल्या घटाची क्षमता साधारणपणे ३५०० मिलिअँपिअर-तास असते. ३.६ व्होल्ट दाब धरल्यास त्यात सुमारे १२.६ वॅट-तास ऊर्जा साठते. त्यामुळे अशा एकाच घटावर ९९०० मिलिअँपिअर-तास असा आकडा छापलेला असल्यास तो विश्वासार्ह नसतो.

इलेक्ट्रॉनिक मंडल व भिंगातील घट वजा जाता दर वॅटमागे सुमारे १०० ल्युमेन प्रकाश मिळतो, असे ढोबळमानाने धरता येते. या हिशेबाने १२.६ वॅट-तासांचा घट सुमारे १२६० ल्युमेन-तास देतो. म्हणजेच त्यावर ४०० ल्युमेनचा दिवा जेमतेम तीन तास चालतो. ‘२००० ल्युमेन, सहा तास’ असा दावा खरा ठरण्यासाठी १२० वॅट-तास ऊर्जा लागेल. त्यासाठी असे साधारण दहा घट लागतील आणि केवळ त्यांचेच वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरेल. मुठीत मावणाऱ्या हलक्या दिव्याबाबत केलेला असा दावा खरेदीपूर्वीच या गणिताने तपासता येतो.

बहुतेक दिवे तापल्यावर आपोआप मंद होतात. चढावर वेग कमी असल्याने वाऱ्याने होणारे थंडावणे घटते आणि हा परिणाम अधिक जाणवतो. त्यामुळे कमाल प्रकाशाचा आकडा सुरुवातीच्या काही मिनिटांपुरताच खरा असू शकतो.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील परिस्थिती

या दोन जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे हवामान झपाट्याने बदलते. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, खटाव, आटपाडी व जत हे तालुके पर्जन्यछायेत असून तेथे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. पश्चिमेस पाऊस व दाट धुके, तर पूर्वेस बारीक धूळ असल्याने दिव्याला दोन्हींपासून संरक्षण लागते. आयपीएक्स४ ही श्रेणी सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून, तर आयपीएक्स६ ही जोरदार पाण्याच्या झोतापासून संरक्षण दर्शवते. ‘आयपी’नंतरच्या पहिल्या स्थानी ६ हा अंक असल्यास दिवा धूळरोधक असतो. त्या जागी एक्स हे अक्षर असल्यास धुळीबाबतची श्रेणी दिलेली नसते.

साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासकडे जाणाऱ्या मार्गावर आधी दीर्घ चढ आणि परतताना सलग उतार असतो. चढाचे दोन तास १५० ल्युमेनवर आणि उताराचा एक तास ६०० ल्युमेनवर काढल्यास एकूण ९०० ल्युमेन-तास लागतात. २६०० मिलिअँपिअर-तासांच्या घटातून सुमारे ९४० ल्युमेन-तास मिळतात. म्हणजे वाटेत पंक्चर झाले किंवा धुक्यामुळे उशीर झाला, तर दिवा नेमका उतारावर विझण्याचा धोका असतो. ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या घटात याच फेरीनंतर चतुर्थांशाहून थोडी अधिक ऊर्जा शिल्लक राहते.

धुक्यात शिरस्त्राणावरील दिव्याचा प्रकाश परावर्तित होऊन थेट डोळ्यांकडे येतो, त्यामुळे हँडलवरील दिवा अधिक उपयोगी पडतो. याउलट मिरज व कवठे महांकाळ तालुक्यांच्या सीमेवरील दंडोबा डोंगरासारख्या कोरड्या परिसरात हँडलवरील दिव्याने दगड-खळग्यांच्या सावल्या पडून जमिनीचा उंचसखलपणा कळतो आणि शिरस्त्राणावरील लहान दिव्याने वळणापलीकडे पाहता येते.

ऊस गाळपाच्या हंगामात, साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, दोन्ही जिल्ह्यांच्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉली व बैलगाड्या चालतात. त्यांपैकी अनेकांना मागे दिवा वा परावर्तक नसतो. वाटेवर पोहोचण्यापूर्वीच्या या रस्त्यांवर पुढच्या दिव्याइतकाच मागचा लाल दिवाही आवश्यक असतो. समोरून कोणी येत असल्यास झोत खाली करण्याचा संकेत पाळला जातो.

उसाच्या शेतांत बिबट्याचा आणि सह्याद्रीलगत गव्यांचा वावर असतो. कोयना, सागरेश्वर व चांदोली या संरक्षित क्षेत्रांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार प्रवेशावर निर्बंध आहेत. त्यामुळे रात्रीच्या सायकलिंगसाठी ती क्षेत्रे वगळली जातात.

निवड व देखभाल

मर्यादित खर्चात दिवा निवडताना बदलता येणारा घट असलेला दिवा दीर्घकाळ किफायतशीर ठरतो. काही शे वेळा चार्ज झाल्यानंतर घटाची क्षमता लक्षणीय घटते. अशा वेळी केवळ घट बदलून दिवा पुन्हा वापरता येतो आणि लांबच्या फेरीत जादा घट सोबत नेता येतो. १८६५० घटावर चालणारी चांगली विजेरी मजबूत पट्ट्याने हँडलला बसवणे हा त्याहून स्वस्त पर्याय आहे. भारतात अशा घटांना भारतीय मानक ब्युरोची अनिवार्य नोंदणी लागू असून घटावर नोंदणी क्रमांक असणे अपेक्षित असते. घटाची उर्वरित पातळी दाखवणारा निर्देशक आणि दगडगोट्यांवर न सरकणारी पकड हेही निवडीचे निकष मानले जातात.

फुगलेला, पिचकलेला किंवा पाणी शिरलेला घट वापरू नये व चार्जही करू नये. निकामी घट घरगुती कचऱ्यात न टाकता बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावा लागतो. रात्रीच्या फेरीत मुख्य दिवा बंद पडल्यास सायकल हातात धरून परतता यावे, यासाठी खिशात एक लहान स्वतंत्र विजेरी ठेवली जाते.