मासा, माग आणि बिडी

भिवंडीत मागावरची पाळी बारा तासांची. ती सुटली की कामगार कारखान्याच्या पायरीवर टेकतो. कानातली खडखड थांबलेली नसते, तोच हात बिडीकडे जातो. खोकला आला तर म्हणतो, सुताची धूळ आहे. कधी ती असतेही. पण थुंकी तपासली की कुणाकुणाच्या कार्डावर क्षय लिहिला जातो.

बिडी आणि क्षयाचा घरोबा जुना, मोजला गेला मात्र उशिरा. शेजारच्याच मुंबईत प्रकाश गुप्ता आणि मंगेश पेडणेकर यांनी हजारो पुरुषांवर वर्षानुवर्षे नजर ठेवली आणि २००७ साली हिशेब मांडला: धूम्रपान करणाऱ्यांत क्षयाने मरण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक. बिडी सिगरेटपेक्षा सौम्य, हा समजही त्यात टिकला नाही. आता कळले ते ‘किती’. फुफ्फुसाच्या आत नेमके काय बिघडते, हे कोडे तसेच राहिले.

ते सुटले एका माशामुळे, आणि तेही बिडीचा विचार कुणाच्या मनात नसताना. बडोद्यात वाढलेल्या, तिथेच डॉक्टर झालेल्या ललिता रामकृष्णन यांनी आईचा क्षय लहानपणी घरात पाहिला होता. पुढे अमेरिकेत आणि मग केंब्रिजला त्यांनी क्षयाचा अभ्यास झेब्रा माशावर केला. हा मासा मूळचा गंगेच्या खोऱ्यातला. भिवंडीच्या मागांवरची कितीतरी माणसेही तिकडचीच. या माशाचे पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते. आतल्या जिवंत पेशी धावताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद माशांनाही ग्रासतो. एका सदोष वाणाची पिल्ले त्याला फार लवकर बळी पडत. पाहिले तर त्यांच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, फुगलेल्या, आत न पचलेला माल साठलेला. जंतू समोर असूनही त्या जागच्या हलत नव्हत्या. भिवंडीच्या धामणकर नाक्यावर भरून अडकलेली घंटागाडीच! जंतू गिळलेली पेशी मरायला टेकली की तिला उचलायला ताजी पेशी यावी लागते. इथे ती येईना. जुनी फुटली आणि सुटलेले जंतू बाहेर बेफाम वाढले.

मग प्रश्न आला, माणसाच्या पेशीत असा न पचणारा माल भरतो कुठून? धुरातून. डब्लिनच्या डॉक्टरांनी धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसातून धुऊन काढलेल्या मॅक्रोफेज तपासल्या. त्यांच्या पचनाच्या पिशव्या, लायसोसोम, धुराच्या कणांनी ठासलेल्या होत्या. क्षयाचे जंतू जवळ ठेवले, तरी त्या पेशी त्यांच्याकडे सरकेनात. मासा आणि माणूस एकच गोष्ट सांगत होते. २०१६ च्या मार्चमध्ये हे संशोधन ‘सेल’ या नियतकालिकात आले.

त्यात दिलासाही आहे. धूम्रपान सुटले तर ठासून भरलेल्या पेशींची जागा नव्या, चपळ पेशी घेतील, अशी आशा संशोधकांना वाटते.

तर मागवाल्या भाऊ, खोकला दोन आठवड्यांवर गेला की सुताला दोष देत बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. आणि डॉक्टरांनी बिडीचे विचारले, तर दिवसाला किती ते खरे सांगा.