आकाशगंगेसाठी लडाख कशाला?

आकाशगंगेचा फोटो काढायचा तर लडाखलाच जावं लागतं, ही समजूत छत्रपती संभाजीनगरातल्या हौशी छायाचित्रकारांमध्येही घट्ट रुजली आहे. लडाखमधल्या हानलेची कोरडी हवा, चार हजार मीटरवरची उंची आणि तिथला अंधार यांना तोड नाही, हे खरं. पण आकाशगंगेचं केंद्र, तिचा सर्वांत तेजस्वी भाग, धनू राशीत म्हणजे दक्षिण आकाशात आहे. जितकं उत्तरेला जावं, तितकं ते क्षितिजाकडे झुकतं. सुमारे ३३ उत्तर अक्षांशावरच्या हानलेतून ते जास्तीत जास्त २८ अंश वर येतं. आपण २० अक्षांशाजवळ, त्यामुळे आपल्याकडे ते ४१ अंशांपर्यंत चढतं. हा लाभ आपल्याला घरबसल्या मिळालेला आहे.

दुसरी समजूत अशी की उंच डोंगरावर गेलं की काम झालं. म्हणून सगळे उन्हाळ्यात म्हैसमाळला जातात. म्हैसमाळ शहराच्या वायव्येला आहे, म्हणजे तिथून शहराचा उजेड आग्नेयेला दिसतो, आणि उन्हाळ्यात आकाशगंगेचं केंद्र उगवतं तेही आग्नेयेलाच! मेच्या मध्यावर ते रात्री साडेनऊच्या सुमारास उगवतं आणि पावणेतीनच्या सुमारास ऐन दक्षिणेला येतं. तेव्हा शहर पाठीशी राहील अशी दक्षिणेकडची जागा निवडावी. बिडकीन ओलांडून पैठणच्या दिशेला गेलं की हे साधतं. म्हैसमाळचीच ओढ असेल तर ऑक्टोबरमधली अमावस्या धरावी. त्या महिन्यात अंधार पडतो तेव्हा केंद्र नैर्ऋत्येला असतं आणि शहराचा झगमगाट चौकटीबाहेर राहतो. फोटो कुठून काढायचा यापेक्षा कॅमेरा कुठल्या दिशेला रोखायचा, हे आधी ठरवायला हवं.

महागडी लेन्स लागतेच, असंही नाही. १४ मिमी, एफ २.८ लेन्सचं छिद्र ५ मिमी व्यासाचं असतं. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या किट लेन्सचं १८ मिमी, एफ ३.५ ला तेवढंच भरतं. छोट्या सेन्सरवर १८ मिमीला साधारण १८ सेकंद एक्स्पोजर देता येतं. त्यापुढे पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे लांबट होतात. ट्रायपॉड मात्र भक्कम हवा. ऑटोफोकस बंद करून एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करावा आणि हाताने फोकस जुळवावा. आयएसओ वाढवला की जास्त प्रकाश मिळतो, हा गैरसमज तर फारच पसरलेला आहे. प्रकाश येतो तो छिद्रातून आणि वेळेतून. आयएसओ आलेला संकेत फक्त वाढवून दाखवतो.

आकाशगंगेच्या फोटोंबद्दल ‘हे रंग खोटे असतात’ असं म्हणणारे अर्धेच बरोबर आहेत. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम करत नाहीत, म्हणून आकाशगंगा आपल्याला राखाडी दिसते. कॅमेरा वीस सेकंद प्रकाश साठवतो आणि ताऱ्यांचे निळे, नारिंगी रंग टिपतो. ते रंग खरे असतात. पण एका जागेचं आकाश दुसऱ्या जागेच्या किल्ल्यावर चिकटवून ते न सांगणं, ही माझ्या मते फसवणूक आहे.

वेरूळ, अजिंठा आणि देवगिरी किल्ला संध्याकाळनंतर बंद असतात. तिथे आत रात्री फोटो काढता येतील असं गृहीत धरू नका. देवगिरीचा आकार बाहेरूनही उत्तम येतो. गौताळा अभयारण्यात वनविभागाची परवानगी घ्या.

अंधार जपता येतो, हे महाराष्ट्रानेच दाखवलं आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ही मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून त्यांचा उजेड खाली वळवण्यात आला. आपल्या गच्चीवरचा, शेतावरचा, हॉटेलाबाहेरचा दिवा आभाळाकडे तोंड करून असेल, तर तो आजच खाली वळवा.