हेमकुंडाची वाट

गोदावरीच्या काठचे नांदेड तुम्हांला ठाऊक असेलच. शिखांचे दहावे गुरू श्रीगुरुगोविंदसिंग यांनी १७०८ साली तेथे देह ठेवला. त्यांचे आणखी एक पवित्र स्थान दूर हिमालयात, उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात आहे. ते म्हणजे हेमकुंड साहिब होय. सात शिखरांनी वेढलेल्या हेमकुंट पर्वतावर गुरूंनी पूर्वजन्मी तप केले, असे 'बचित्तर नाटक' या ग्रंथात सांगितले आहे. त्या वर्णनाशी जुळणारी जागा भाविकांनी शोधून काढली आणि १९३० नंतरच्या दशकात तेथे लहानसा गुरुद्वारा उभा राहिला.

हे स्थान ४,००० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. बर्फामुळे तेथील यात्रा उन्हाळ्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतच चालते. अलकनंदेच्या काठी असलेल्या गोविंदघाटाहून लक्ष्मणगंगेच्या कडेने वाट घांघरियाला जाते. यात्रेकरू तेथे मुक्काम करतात. पुढे अंतर अवघे सहा किलोमीटर. पण तेवढ्यात हजार मीटरांहून अधिक चढ चढावा लागतो. हळूहळू झाडे विरळ होतात, मग केवळ गवत उरते आणि पावसाळ्यात खडकांच्या आडोशाला ब्रह्मकमळे फुललेली दिसतात.

मी ही वाट चढलो तेव्हा माझी साठी उलटली होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नांदगावचा मी रहिवासी. समुद्रावरच्या दाट हवेत वाढलेला. काही तरुण मला मागे टाकून भराभर वर गेले. तासाभराने तेच वाटेत डोके धरून बसलेले दिसले. त्यांना धाप लागली होती. असे का व्हावे?

गोधड्यांची उंच चळत डोळ्यांपुढे आणा. तळची गोधडी वरच्यांच्या भाराने दबते. वरची सैल राहते. हवेचेही तसेच आहे. उंचावर हवा विरळ होते. हेमकुंडाजवळ तिचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असतो. म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. शरीराला याची सवय होण्यास वेळ द्यावा लागतो. डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर थांबावे. त्रास वाढला, तर खाली उतरावे. त्यात कमीपणा नाही.

एक वृद्ध शीख माता काठी टेकीत, नामस्मरण करीत सावकाश चालत होती. तिने त्या तरुणांना बसते केले, पाणी पाजले आणि ते सावरल्यावरच ती पुढे निघाली. मीही तिच्या पावलाशी पाऊल जुळविले. आम्ही दोघेही वर पोहोचलो.

वर निळे, थंडगार सरोवर आहे. काठी उतरत्या छपराचा गुरुद्वारा आहे. छप्पर उतरते असल्याने त्यावर बर्फ साचून राहत नाही. जवळच लक्ष्मणाचे मंदिरही आहे. लंगरात गरम खिचडी मिळाली. विरळ हवेत पाणी सुमारे ८५ अंशांवरच उकळते. त्यामुळे अन्न शिजण्यास फार वेळ लागतो. शिधा आणि जळण खालून वाहून आणावे लागते. तरीही तेथे कोणाची जात, गाव वा धर्म विचारीत नाहीत. सारे एका पंगतीस बसतात.

त्या पंगतीत मला नांदेड आठवले. तेथेही हाच लंगर चालतो. आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची पदे आदराने गायिली जातात. रात्री वर राहता येत नसल्याने आम्ही दुपारीच उतरू लागलो. वाटेत ते तरुण भेटले. आता ते हळूहळू, एकमेकांना आधार देत वर येत होते.