सड्याचें पाणी

कोंकणांत पाण्याची वाण पडते असें म्हटलें म्हणजे घाटावरच्या आमच्या पुष्कळ वाचकांस तें खरें वाटत नाहीं. ज्या रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, जेथें आषाढांत चार चार दिवस सूर्यदर्शन होत नाहीं आणि वळचणीखालीं ठेवलेली घागर पाहतां पाहतां भरून वाहूं लागते, तेथें वैशाखांत टँकरमागें हंडेकळशांची रांग लागते हें ऐकून कोणासही नवल वाटावें. पण रांग लागते हें खरें. खेड, चिपळूण, संगमेश्वर या तालुक्यांतील डोंगरमाथ्यावरच्या धनगरवाड्यांत ती जवळजवळ दर वर्षीं लागते. आणि त्या रांगेंत बहुतेक स्त्रियाच उभ्या असतात, हें आमच्या भगिनींस निराळें सांगावयास नको.

मग हें पाणी जातें कोठें? या जिल्ह्यांत सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांमध्यें जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरांचें अंतर. तेवढ्यांत नद्यांना धांवतपळत खाडी गांठावयाची असते. घाटमाथ्याच्या पलीकडे पडलेला थेंब कृष्णेच्या पात्रांतून शेंकडों कोस रेंगाळत जातो; अलीकडे पडलेला पाहतां पाहतां खारा होऊन बसतो. म्हणून कोंकणी गांव उन्हाळा काढतो तो मुख्यतः सड्याच्या पाण्यावर.

सडा म्हणजे डोंगराचा सपाट, उघडाबोडका माथा. वर जांभ्या दगडाचा कातळ, त्याच्या भेगांत मूठमूठ माती, पावसाळ्यांत गवत आणि रंगीबेरंगी रानफुलें, आणि फाल्गुन लागला कीं तव्यासारखा तापलेला माळ. पाहणारास तो निरुपयोगी वाटावा यांत आश्चर्य नाहीं. परंतु जांभा हा मधाच्या पोळ्यासारखा छिद्रांचा दगड आहे. वरचें कवच कठीण असलें तरी भेगांतून आणि पोकळ्यांतून पावसाचें पाणी खालीं उतरतें, आंतल्या मऊ थरांत मुरतें, आणि त्याही खालीं असलेल्या चिकण मातीनें त्याची वाट अडविली म्हणजे आडवें सरकत सरकत डोंगराच्या कुशींतून झऱ्याच्या रूपानें बाहेर पडतें. आषाढांत सड्यानें प्यालेलें पाणी माघ-फाल्गुनांत पायथ्याच्या पऱ्याला लागतें.

आमच्या पूर्वजांस भूगर्भशास्त्र ठाऊक नव्हतें, पण गांव कोठें वसवावा हें चांगलें ठाऊक होतें. माथ्यावर सडा, उतरणीवर देवराई आणि झरा, झऱ्याच्या खालीं घरें व पोफळीचीं आगरें, त्याखालीं भातखाचरें आणि शेवटीं खाडी, अशी जुन्या गांवांची मांडणी पुष्कळ ठिकाणीं दिसेल. झऱ्याचें पाणी पाटानें देवळापाशीं यावयाचें आणि तेथून पाळीपाळीनें प्रत्येक आगरांत जावयाचें. या पाळ्यांवरून भाऊबंदांत तंटा झाला नाहीं असा गांव विरळा. आमच्या घरींही तीन पिढ्यांपूर्वींचा असा एक तंटा अद्यापि आठवणीनें सांगितला जातो, आणि सांगणाराच्या मतें दोष नेहमीं धाकट्या पातीचाच असतो. पण एवढ्या तंट्यांत सड्याला कोणी हात लावला नाहीं. तेथें गुरें चरत, आणि पावसाळा सरला म्हणजे गवत कापून आणीत, एवढेंच. गुहागर, मुरूड, आंजर्लें अशा समुद्रकांठच्या गांवीं विहिरींवर रहाट चालत. उपसा बैलाच्या किंवा रेड्याच्या शक्तीच्या बेतानें होई. जनावर दमलें म्हणजे रहाट थांबे, आणि तेवढ्यांत विहिरीलाही दम घेतां येई. पंप मात्र दमत नाहीं.

सरकारी दप्तरांत या कातळाची नोंद बहुधा 'पोटखराबा' अशी असते. शब्दाचा परिणाम मनावर होतो. ज्याला कागदावरच खराब ठरविलें त्याची काळजी कोण वाहील? चिरेखाणींत यंत्राच्या करवतीनें कातळ पट्टीपट्टीनें कापला जातो आणि मागें राहतो तो मोठा चौकोनी खड्डा. येथें आम्हांस दुसऱ्याकडे बोट दाखवितां येत नाहीं. आमचें मूळ घर चिऱ्याचें आहे, आणि अलीकडे वाढविलेली पडवीही चिऱ्याचीच. हापूसच्या कलमांसाठीं कातळ फोडून खड्डे घेतात व त्यांत बाहेरची माती आणून भरतात. बाग नांदते याचा आनंदच आहे. परंतु कलमांवर फवारलेलीं औषधें पावसाबरोबर शेवटीं त्याच भेगांत उतरतात. कूपनलिकांची गोष्ट याहून अवघड. वरच्या वाडीची कूपनलिका आणि खालच्या वाडीचा झरा एकाच थरांतून पाणी पितात हें जमिनीवरून दिसत नाहीं, म्हणून झरा आटला तर दोष दैवाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पांचशें मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर खणूं नये, असा निर्बंध महाराष्ट्रांत १९९३ च्या कायद्यानें घातला, आणि भूजलाचा अधिक व्यापक कायदा पुढें झाला. पण ज्या झऱ्यावर आमच्या आजीनें आयुष्यभर पाणी भरलें तो सार्वजनिक उद्भव म्हणून ग्रामपंचायतीच्या दप्तरीं नोंदलेला आहे कीं नाहीं, हें आमच्यापैकीं किती जणांनीं विचारलें आहे?

सड्याचा प्रश्न देशापुढें आला तो राजापूर तालुक्यांतून. राजापूरकरांस पाण्याचें मोल शिकवावयास नको. तेथून जवळ उन्हाळें येथें ती प्रसिद्ध गंगा चौदा कुंडांत प्रगट होते आणि मनास येईल तेव्हां अंतर्धान पावते; साधारण तीन वर्षांनीं ती येते असा पूर्वींचा अनुभव, पण अलीकडे तिचा नेम राहिलेला नाहीं. कोदवली नदीवर ब्रिटिश अमदानींत बांधलेलें एक धरण आहे. लोक त्याला 'सायबाचें धरण' म्हणतात. तेथलें पाणी शहरापर्यंत केवळ उतारानें येण्याची योजना त्या वेळीं केलेली. वीज नाहीं कीं इंजिन नाहीं. धरणांत गाळ सांचत गेला आणि शहराला उन्हाळ्याची चिंता लागली, तो भाग निराळा.

या तालुक्यांत २०१७ सालीं नाणार परिसरांत एक प्रचंड तेलशुद्धीकरण प्रकल्प योजिला गेला. लोकविरोधापुढें २०१९ सालीं ती जागा सोडून देण्यांत आली, आणि २०२२ सालीं बारसू-सोलगांवचा सडा सुचविण्यांत आला. एप्रिल २०२३ मध्यें तेथें मातीपरीक्षणासाठीं यंत्रें आलीं तेव्हां आसपासच्या गांवांतील शेंकडों माणसें भर वैशाखांत सड्यावर जाऊन बसलीं. त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. कांहीं जणी रस्त्यावर आडव्या पडल्या. अनेकांस पोलिसांनीं ताब्यांत घेतलें. २८ एप्रिल रोजीं अश्रुधूर सोडण्यांत आला. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती बहुतेक कोणत्या पक्षानें पूर्वीं काय म्हटलें आणि आतां काय म्हणतो याची. बारसूच्या प्राचीन कातळशिल्पांविषयींही लिहिलें गेलें, व तें योग्यच; कोंकणांतील ही शिल्पें २०२२ सालीं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादींत गेलेलीं आहेत. परंतु त्या बायका उन्हांत बसल्या त्या केवळ शिल्पांसाठीं नव्हे. आंबा, काजू आणि मासळी यांच्या जोडीला पायथ्याच्या विहिरींची धास्ती त्यांच्या मनांत होती. रोज ज्याच्या डोक्यावरून पाणी येतें त्याला तें कोठून येतें हें पुस्तकांत वाचावें लागत नाहीं.

दुसरी बाजू आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. कोंकणचा तरुण पोटासाठीं मुंबईला जातो, हें चार-पांच पिढ्या चाललें आहे, आणि कारखाना आला तर मुलगा घरीं राहील असें म्हणणाऱ्या आईस कोणी खुळी म्हणूं नये. पण जिल्ह्याला कारखान्यांचा अनुभव नाहीं असें नाहीं. लोटे-परशुराम येथें रासायनिक कारखाने उभे राहिले, त्यांत कांहीं लोकांस कामही मिळालें. आणि दाभोळ खाडीचे मच्छीमार सांडपाण्यानें मासळी मरते अशी तक्रार वर्षानुवर्षें करीत राहिले. मिळालेल्या पगाराचा आकडा सांगतां येतो. न मिळालेल्या मासळीचा कोणी मांडून ठेवीत नाहीं. तीच गोष्ट कोयनेची. वीज निर्माण केल्यावर कोयनेचें पाणी पश्चिमेकडे वाशिष्ठींत सोडलें जातें. कृष्णा लवादानें या कामासाठीं वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी मान्य केलें. तें चिपळुणावरून वाहत जाऊन बहुतांशीं समुद्रास मिळतें, आणि त्याच तालुक्याच्या डोंगरांत टँकर चढत असतो. हें पाणी कोठें न्यावें याच्या योजना पुष्कळ झाल्या. उंचावरच्या वाडीला त्यांतून हंडाभर मिळेल तेव्हां खरें.

कांहीं गांवांनीं स्वतःपुरता मार्ग काढला आहे. पाऊस सरला कीं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळूमाती भरून वहाळावर बांध घालावयाचा. मोहन धारिया यांनीं स्थापिलेल्या संस्थेच्या नांवावरून याला वनराई बंधारा म्हणतात. एका सकाळच्या श्रमदानांत तो उभा राहतो आणि खालच्या विहिरींचें पाणी कांहीं आठवडे तरी पुढें ढकलतो. काम लहान, पण दर वर्षीं पुन्हां करावें लागतें. आणि तें करावयास गांवांत माणसें असावीं लागतात.

येथें प्रश्न आमच्या दाराशीं येतो. सड्याचे मालक कोण? सातबारा उघडून पाहिला तर पुष्कळदां आम्हीच: पुण्यामुंबईस, नागपुरास, इंदुरास आणि आतां अमेरिकेंतही स्थायिक झालेलीं घराणीं. जमीन सामाईक, हिस्सेदार पंधरा-वीस, आणि सड्यावर प्रत्यक्ष पाय ठेवलेला त्यांत एखादाच. नाणार आणि बारसूच्या वेळीं बाहेरच्या लोकांनीं आधींच जमिनी घेऊन ठेवल्याचें वर्तमानपत्रांतून बरेंच प्रसिद्ध झालें. विकणारे सगळेच झऱ्याचें पाणी पिणारे असतील असें आम्हांस वाटत नाहीं.

गेल्या दिवाळींत आमच्याकडेही असा एक कागद आला. आमच्या घराण्याचा सामाईक सडा, खरेदीदार कोण हें कोणास धड सांगतां येईना, किंमत चांगली. धाकट्या बंधूंस मुलीच्या शिक्षणासाठीं पैसे हवे आहेत, आणि तें निमित्त खोटें नाहीं. पुतण्या म्हणाला, "काका, त्या कातळावर कुसळसुद्धां धड उगवत नाहीं. ठेवून करायचं काय?" आम्हांस लगेच उत्तर सुचलें नाहीं. गांवीं घर सांभाळून राहिलेल्या आमच्या चुलत वहिनींनीं मात्र निरोप धाडला: "भावजी, खालच्या विहिरीला अजून वैशाखापर्यंत पाणी टिकतं. सही करायची तर मे महिन्यांत चार दिवस येऊन, ते पाणी भरून मग करा."

चौदा हिस्सेदारांपैकीं नऊ जणांच्या सह्या झाल्या आहेत. कागद आमच्या कपाटांत आहे. मे महिन्याचीं तिकिटें काढलीं आहेत.