दारातली गंजकी पद्मिनी

मैत्रिणींनो, सासऱ्यांनी हौसेने घेतलेली फियाट पोर्चमध्ये मेणकापडाखाली उभी आहे, भंगारवाला फेऱ्या घालतोय, आणि इकडून फर्मान निघतं, "विकायची नाही! घरीच नीट करू." अशा वेळी लगेच नाक मुरडू नका आणि लगेच मानही डोलावू नका. वही काढा.

आधी कागद. आर.सी. बुक अजून सासऱ्यांच्याच नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करून घ्या. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर दर पाच वर्षांनी गाडी तपासून नूतनीकरण करावं लागतं. त्याचं काय झालंय ते आर.टी.ओ.त विचारून या. कागदच नसतील, तर पैसे घालण्यात अर्थ नाही.

मग गंज. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेल्या या फियाटला १९७४ मध्ये पद्मिनी नाव मिळालं. हिला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. म्हणून बॉनेटवरच्या गंजाने घाबरू नका, दाराखालचा उंबरठा आणि पायाखालचा पत्रा पाहा. गालिचा उचलून स्क्रू-ड्रायव्हरने टोचा. आरपार गेला, तर तिथे नवा पत्राच जोडायला हवा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पूर्वी कुणीतरी लांबी भरून भोक झाकलंय! आणि दोन्ही उंबरठे एकदम कापू देऊ नका हं. खाली नीट टेकू देऊन एकेक बाजू करावी, नाहीतर सांगाडा वाकतो आणि दारं लागत नाहीत.

घरी काय करायचं? सुटं करणं, घासणं, साफ करणं. प्रत्येक भागाचा आधी फोटो, मग बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठीसह स्क्रू. (मसाल्याचे डबे मात्र द्यायचे नाहीत.) जुना भाग, नवा हाती येईपर्यंत टाकायचा नाही. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या. आता सुट्या भागांसाठी भंगारबाजार पालथे घालावे लागतात.

वेल्डिंग कारागिराकडे. पेट्रोलच्या टाकीला तर घरी ठिणगीही लागू देऊ नका, रिकामी टाकीसुद्धा वाफेने उडते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही, खाली भक्कम घोड्या हव्यात. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो पाण्याने ओला करूनच घासावा, तोंडाला मास्क, आणि मुलं त्या वेळी शेजारी पाठवावीत. ब्रेकची धूळही फुंकायची नाही, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

क्रम ठरलेला: पत्रा, ब्रेक, इंजिन, वायरिंग, मग रंग, आणि गाद्या शेवटी. आपल्याला आधी सीट-कव्हरच सुचतात, नाही का? पावसाळ्यात पत्रा उघडा करू नका. दमट हवेत तो रातोरात तांबडा होतो. दिवाळीनंतर सुरुवात करा, आणि जेवढं घासलं तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर.

पैशांचं स्पष्ट बोला. पत्र्याचा अंदाज दोन कारागिरांकडून घ्या, त्यावर निम्मे आणखी धरा, कारण उघडल्यावर गंज जास्तच निघतो. तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. मुलांची फी आणि सोनं त्यात येणार नाही, हे आधीच वहीत लिहा आणि खाली यजमानांची सही घ्या.